रोवण्याचा पाय

धुरपतेला अक्षरओळख नव्हती, पण दहावी, बारावी, बी.ई. आणि एम.टेक. ही चार नावं तिला क्रमाने पाठ होती. चारही परीक्षा तिच्या एकुलत्या एक लेकीने, चंद्रकलेने, दिल्या होत्या आणि दर परीक्षेला धुरपतेने गावच्या मारुतीला नारळ बोलला होता. निकाल लागला की नारळ फुटायचा, आणि खोबऱ्याचा तुकडा लेकीच्या हातावर ठेवताना माय विचारायची, हे शिकणं आता कुठपर्यंत आहे? लेक दर वेळी सांगायची, बस, एवढंच. हे 'एवढंच' नऊ वर्षं चाललं होतं.

बी.ई.पर्यंत सिहोरा गावात कुणाला अडचण आली नव्हती. इंजिनियर म्हणजे रस्ते, पूल, नहर बांधणारा माणूस. माणसाच्या जागी मुलगी आली, तरी समजण्यासारखी गोष्ट होती. घोटाळा झाला तो ती मुंबईला जाऊन 'बायोमेडिकल' शिकू लागली तेव्हा. धुरपतेचा नवरा तुलाराम मुळात कमी बोलणारा. त्याला पानठेल्यावर रोज कुणीतरी विचारायचं, पोरगी डॉक्टर होणार की इंजिनियर? तो म्हणायचा, दोन्ही. मग संध्याकाळी खोकल्याचे दोन पेशंट दारात हजर. दिवाळीला चंद्रकला घरी आली की तिला ओसरीवर बसून समजावून सांगावं लागायचं, की माणसाच्या शरीराला जी यंत्रं लागतात, हृदयाचे ठोके कागदावर काढणारी, हातापायाच्या जागी बसणारी, ती बनवायची विद्या आपण शिकतो, औषध आपल्याला देता येत नाही. लोक मान डोलवायचे, आणि उठता उठता म्हणायचे, पण खोकल्यावर काहीतरी असेलच की.

ही विद्या काय आहे ते धुरपतेला मात्र कुणी समजावण्याची गरज नव्हती. तिच्याच पायापासून ती सुरू झाली होती.

बाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुमाराला धान कापताना तिला घोणस चावली. एक दिवस मांत्रिकाच्या दारात गेला, दुसरा बैलगाडीत आणि आगगाडीत, आणि तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीव वाचला, हे मोठंच झालं. पण त्याआधी धुरपता म्हणजे सिहोऱ्याच्या रोवण्यातली पहिली बाई होती. आषाढात धानाच्या शेतातल्या बांधीतला चिखल मळून लोण्यासारखा झाला, की बायका रांगेने वाकून त्यात पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रोवत जातात. रांगेच्या टोकाला जी उभी असते तिच्या हाताच्या वेगाने सगळी रांग चालते, आणि गाणंही तीच उचलते. ते टोक सलग बारा रोवणे धुरपतेचं होतं. पाय गेल्यावर ते तिच्या मैत्रिणीकडे, गिरजाबाईकडे, गेलं, आणि धुरपता कुबडी बाजूला ठेवून धुऱ्यावर बसू लागली. दोन बांध्यांमधल्या त्या बांधावरून पऱ्ह्यांच्या पेंड्या बायकांकडे फेकायच्या, हे तिचं नवं काम. ते काम म्हाताऱ्या करतात, आणि धुरपता तेव्हा तिशीतच होती. तिने तक्रार केली नाही. फक्त गाणं सोडलं.

दवाखान्यातून परत आलेल्या मायला तेरा वर्षांच्या चंद्रकलेने सांगितलं होतं, मी तुला पाय करून देईन. लेकरू आहे, बोलतं, असं म्हणून धुरपतेने ते सोडून दिलं. पण ही पोर हट्टी. बोलली ते धरून बसली. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात ती मुंबईहून आली तेव्हा तिच्या पेटीत खरंच पाय होता.

रबराचा पाय, आत लाकूड, वर गुडघ्याला घट्ट बसणारी वाटी आणि तिला कातडी पट्टे. चंद्रकलेने ओसरीवर तो मांडीवर घेऊन मायला समजावलं. मायला चिखलात उतरायचं आहे, हे तिच्या डोक्यात पहिल्यापासून पक्कं होतं. मुंबईच्या संस्थेत तिने एका मोठ्या टाकीत चिखल भरला आणि पाय कापलेल्या माणसांना त्यातून शंभर वेळा चालवलं. त्यातून हा आकार निघाला. पंजा रुंद, म्हणजे माणूस रुतत नाही. टाच निमुळती, म्हणजे पाऊल उचलताना टाच आधी सुटते आणि चिखल पाय धरून ठेवत नाही. धुरपतेला यातलं निम्मं समजलं. पण पाय बांधून ती अंगणात चालली, उकिडवी बसली, विहिरीवर गेली, आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा कुबडीशिवाय मारुतीला जाऊन आली. तुलाराम गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा म्हणाला, कुसळ डोळ्यात गेलं.

आषाढात रोवणा लागला तेव्हा चंद्रकला मुंबईला परत गेली होती. धुरपता नवा पाय लावून बांधीत उतरली. चिखलातून सरळ चालत रांगेच्या टोकाशी गेली. गिरजाबाईने जागा सोडली. धुरपता वाकली, पऱ्हे रोवले, आणि पाऊल मागे घेतलं.

कारण रोवणा कुणी पुढे चालत करत नाही. रोवलेल्या पऱ्ह्यावर पाय पडू नये म्हणून बायका सबंध दिवस मागे मागे सरकत जातात. मागे येताना टाच नाही, आधी पंजा सुटावा लागतो, आणि हा पंजा होता रुंद. चिखलाने तो असा धरला की पट्टे सुटले, धुरपता मागच्या मागे बसली, आणि पाय तिथेच उभा राहिला. तिने तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच झालं. मग ती उठून धुऱ्यावर जाऊन बसली आणि पेंड्या फेकू लागली. रांगेतलं कुणी हसलं नाही. सिहोऱ्याच्या बायका कशालाही हसतात, पण त्या दिवशी हसल्या नाहीत.

आठ दिवसांनी मुंबईहून पत्र आलं, पाय चिखलात कसा चालतो ते सविस्तर कळव. गावात पत्रं लिहून द्यायचे ते कृष्णराव मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण शुद्धलेखनातून नव्हते. त्यांच्यासमोर बसल्यावर धुरपतेला एकदम लेकीचं तोंड आठवलं, ओसरीवर पाय मांडीवर घेऊन बोलतानाचं. ज्या पोरीने एका पायापायी अकरा वर्षं घालवली, तिला नाही चालत म्हणून कसं सांगायचं? आणि सांगितलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. ती म्हणाली, लिहा, पाय चांगला चालतो, मी टोकावर होते. मास्तरांनी आपल्या हातची भर घातली: 'मातोश्री पूर्ववत अग्रभागी आहेत.' एका पोस्टकार्डाने काय बिघडतं, असं धुरपतेला वाटलं. पण चंद्रकलेने ते वाक्य आपल्या एम.टेक.च्या प्रबंधात घातलं: रोवणी करणाऱ्या एका स्त्रीने हा पाय पूर्ण हंगाम वापरला. सिहोऱ्यात गुपित संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हे वर्षभर टिकलं.

चौऱ्याऐंशीच्या आषाढात चंद्रकला एम.टेक. होऊन घरी आली. नारळ फुटला, खोबरं हातावर पडलं, आणि मायने नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी लेकीने दोन पत्रं काढून दाखवली. एक होतं तिच्या मुंबईच्या सरांचं. पीएच.डी. कर, शिष्यवृत्ती मिळेल, चार वर्षं लागतील. दुसरं नागपूरच्या एका दवाखान्याचं होतं, तिथल्या यंत्रांची देखभाल करायची नोकरी. नागपूर म्हणजे सकाळची एस.टी. धरली की जेवायला घरी. पीएच.डी. झालेल्याला डॉक्टर म्हणतात हे कळल्यावर तुलारामने आशेने विचारलं, मग तेव्हा तरी सुई देता येईल का? चंद्रकला हसली आणि म्हणाली, नाही बाबा, तेव्हाही नाही. तुलारामला वाटलं, मग एवढं शिकून उपयोग काय, पण तो तसं बोलला नाही.

चंद्रकलेचा कल नोकरीकडे होता. ज्याच्यासाठी गेले होते तो पाय झाला, ती म्हणाली, आता होस्टेलची डाळ पुरे. फक्त एकदा मायला टोकावर रोवताना डोळ्यांनी बघायचं आहे, मग सरांना नकार कळवते.

धुरपतेने हे संध्याकाळी गिरजाबाईला जाऊन सांगितलं. मैत्रीण कशाला असते? दुसऱ्या दिवशी तिने असा बेत केला की नाटकवाल्यांनी शिकून घ्यावं. धुरपता टोकावर उभी राहील. शेजारून गिरजाबाई तिच्या कोपराला धरेल, हसत बोलत, मैत्रिणी धरतात तसं. आणि पाऊल मागे घ्यायची वेळ आली की तिला अल्लाद उचलून मागे ठेवेल. चंद्रकला पल्याडच्या धुऱ्यावर वही घेऊन उभी होती, पाऊस भुरभुरत होता, आणि वाकलेल्या बायकांच्या पाठीआड पाय कुणाचे दिसतात? बेत साधला. चंद्रकलेने वहीत काहीतरी लिहिलं आणि लांबून हात हलवला. धुरपतेनेही हलवला.

त्या संध्याकाळी चंद्रकलेने सरांना नकाराचं पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं आणि तुमसरला गेलात की पेटीत टाका म्हणून तुलारामच्या हातात दिलं. धुरपतेचा जीव भांड्यात पडला. लेक आता नागपूरला राहील, शनिवारी येईल, अंबाडीची भाजी तिला ताजी ताजी खाऊ घालता येईल. एवढं सगळं मनासारखं झालं, तरी भात वाढताना तिचं लक्ष ओसरीवर होतं. नकार लिहून झाल्यावरही चंद्रकला सरांचं पत्र पुन्हा काढून वाचत बसली होती. तिसऱ्यांदा. धुरपतेला वाचता येत नसलं तरी एवढं कळत होतं, की मनातून नको असलेलं पत्र कुणी तीनदा वाचत नाही. ते तिला कुठेतरी खुपलं.

सकाळी नाकाडोंगरीहून कुंताबाई नावाची एक तरुण बाई आली, काखेत कुबडी आणि कडेला मूल. बैलगाडीखाली येऊन तिचा पाय गेला होता, धुरपतेसारखाच, गुडघ्याखाली. एवढ्या लांब नाकाडोंगरीपर्यंत बातमी पोचली होती, की सिहोऱ्याच्या पोरीने चिखलात चालणारा पाय केला आहे. चंद्रकला हरखून गेली. नोकरीवर रुजू व्हायच्या आत तुझा पाय तयार करून देते, नमुना तर आहेच, असं म्हणून तिने टेपने मापं घेतली आणि ती उतरवायला कागद आणण्यासाठी आत गेली.

ती आत गेल्याबरोबर कुंताबाई धुरपतेकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुमी लावून राहिल्या हा पाय. खरं सांगा. चिखलात चालते का?"

धुरपतेने आधी मुलाच्या टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाली, "रस्त्यावर लई चांगला चालते."

"रस्त्यावर मले कोण मजुरी देते, मावशी? मी रोवण्याची बाई."

लेकीशी खोटं बोलायला धुरपतेला मास्तरांचं पोस्टकार्ड पुरलं होतं. लेकीशी खोटं बोलणं म्हणजे एक प्रकारे स्वतःशीच बोलणं. त्यात माया असते, स्वार्थ असतो, आणि ते आपल्या घरात राहतं. पण ही परक्या गावची पोर उद्या या पायावर विसंबून चिखलात उतरणार होती, आणि मागे पाऊल टाकल्यावर तिला धरायला नाकाडोंगरीत गिरजाबाई नव्हती. धुरपता उठली. चंद्रकला कागद घेऊन बाहेर आली तेव्हा माय पट्टे आवळत होती. कागद राहू दे, ती म्हणाली, दोघीही माझ्यासोबत बांधीवर चला.

बांधीत रोवणा चालू होता. धुरपता चिखलात उतरली आणि टोकाला जाऊन उभी राहिली. गिरजाबाई सवयीने कोपर धरायला पुढे झाली.

"सोड," धुरपता म्हणाली.

गिरजाबाईने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग धुऱ्यावरच्या चंद्रकलेकडे, आणि हात काढून घेतला. धुरपता वाकली. पऱ्ह्याचे तीन मुठे रोवले. उजवा पाय मागे घेतला. मग डावा घ्यायला गेली, आणि व्हायचं तेच झालं. पट्टे सुटले, धुरपता कमरेएवढ्या चिखलपाण्यात बसली, आणि पाय तिच्यासमोर एखाद्या खुंट्यासारखा उभा राहिला. गाणं थांबलं.

"हा पाय पुढं जाते, बाई," बसल्या जागेवरून धुरपता म्हणाली. "मांगं नाई येत. मागच्या साली बी नाई आला. मास्तरनं लिवलं, ते मीच खोटं सांगतलं होतं."

चंद्रकला चपलांसकट चिखलात उतरली. मायला उठवायच्या आधी ती त्या पायाशी गेली. धुरपतेला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. चंद्रकलेने पाय घोट्याशी धरून पुढे ओढला. सहज सुटला. पुन्हा रोवला आणि मागे ओढला. हलेना. असं तिने तीन वेळा केलं, मग चिखलातच उकिडवी बसली आणि कपाळाला हात लावला. कपाळ चिखलाने भरलं.

"रोवणा मांगं मांगं चालून करतेत," ती म्हणाली, जणू कुणीतरी ही गोष्ट तिला आत्ताच सांगितली होती. "मी जन्मभर पाहत आली, माय. तिथं टाकीत शंभर बार माणसं चालवली. एकाले बी मांगं नाई चालवलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण तिला तरी काय नावं ठेवायची? मुंबईच्या माणसाला माणूस पुढेच चालतो असं वाटतं, आणि ती दोन वर्षं मुंबईच्या माणसांत होती. ज्या चिखलात आपण लहानाचे मोठे झालो, तो टाकीत भरला की वेगळा होतो, हे तिला कोण सांगणार होतं? जी सांगू शकत होती तिने पोस्टकार्ड पाठवलं होतं.

"काहून नाई सांगतलं?" चंद्रकलेने विचारलं.

"पयले वाटलं, तुले वाईट वाटन. मंग..." धुरपता थांबली. सगळी रांग ऐकत होती, पण आता झाकायचं तरी काय राहिलं होतं? "मंग वाटलं, सांगतलं तं तू आणखी शिकाले जाशील. मले तू घरी पायजे होती."

चंद्रकला सरकत तिच्याजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. धुरपताही रडली. चिखलाच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून दोघींचे तसेच वाहत राहिले. शेवटी गिरजाबाईलाच बोलावं लागलं, की मायलेकींचं झालं असेल तर बाजूला व्हा, पऱ्हे सुकून राहिले.

धुऱ्यावर कुंताबाई मुलाला घेऊन उभी होती. तिला वाईट वाटलंच असणार; एवढ्या लांबून आली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "मंग मी थांबीन. मांगं येणारा झाला का सांगजा."

दुपारी पाऊस थांबला. ओसरीवर तुलाराम, धुरपता आणि चंद्रकला अशी तिघं बसली होती, आणि पाय मध्ये ठेवला होता, तसाच चिखलाचा. चंद्रकला बोलत होती, थोडं मायशी, जास्त स्वतःशी. नागपूरची नोकरी धरूनही हे करता येईल, रविवारी रविवारी. पण घोट्याला दोन्हीकडे वळणारा सांधा हवा; चिखल आत न जाणारा सांधा. मागे चालताना माणसाचं वजन कसं पडतं ते कुणी मोजलेलंच नाही. ते आधी मोजावं लागेल. रविवारी होणारं काम नव्हतं ते, तिच्याच बोलण्यातून ते तिला कळत गेलं. शिवाय प्रबंधातलं ते वाक्य खोटं निघालं, हे सरांना कळवायचं होतं. धुरपतेने घाबरून विचारलं, मग डिगरी काढून घेतील का? चंद्रकला म्हणाली, नाही घेणार, पण घेतली तरी लिहावं लागेल.

मग ती मायकडे वळली. म्हणाली, "चार वर्षं, माय. आन् चार वर्षांनी बी कोण म्हणन का पुरं झालं? मलेच नाई कळत, किती शिकू मी?"

नऊ वर्षं जो प्रश्न धुरपता विचारत आली होती, तो आज लेकीने तिलाच विचारला. आणि गंमत अशी की आज तिच्याजवळ उत्तर होतं. तिने समोरच्या पायावर हात ठेवला.

"हा पाय मांगं येईपर्यंत शिक," ती म्हणाली. "त्याच्यापुढची एक बी डिगरी नोको घेऊ."

चंद्रकला हसली, आणि हसता हसता पुन्हा तिचे डोळे भरले. एवढ्यात तिला आठवलं, नकाराचं पत्र! बाबा काल संध्याकाळीच सायकलवर तुमसरला गेले होते. तिने बापाकडे पाहिलं. तुलारामने बंडीच्या खिशातून घडी घातलेलं पाकीट काढलं आणि पायाशेजारी ठेवलं.

"टाकाचं राहून गेलं," तो म्हणाला.

तुमसरला पोस्टाची पेटी एस.टी. स्टँडच्या दारातच आहे, आणि तुलाराम त्या दारात तासभर उभा होता. मागच्या आषाढात धुरपता तीनदा पडली तेव्हा तो शेजारच्या बांधीत वखर हाकत होता, हेही त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कमी बोलणाऱ्या माणसाला काही कळत नाही असं आपण धरून चालतो, ती आपली चूक.

आठ दिवसांनी चंद्रकला निघाली. मधल्या दिवसांत ती रोज बांधीत उतरून बायकांच्या मागे मागे, खरं तर पुढे पुढे, वाकून फिरत होती. दोरीने पावलं मोजत होती, कोणता पाय किती रुततो ते लिहीत होती. बायकांनी तिची मनसोक्त थट्टा केली आणि तिने एकेकीला शंभर वेळा मागे चालवलं. निघायच्या सकाळी धुरपतेने पाय एका जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि तिच्या पेटीत ठेवला. चंद्रकला नको नको म्हणत होती. तिथे ती दुसरा करू शकत होती, आणि मायला निदान रस्त्याला, विहिरीला, मारुतीला तो लागणारच होता. धुरपता म्हणाली, मला कुबडीची सवय आहे, हा तुझ्याजवळ राहू दे, म्हणजे विसरणार नाहीस. मग गुंडाळी उघडून चंद्रकला तो धुऊन घ्यायला निघाली, तर मायने हात धरला.

"धू नोको. तुया सरले आमचा चिखल पाहू दे."

गाडी सुटली तेव्हा धुरपता कुबडीवर थांब्यावर उभी होती. घरी येताना गिरजाबाई तिच्या चालीने चालत होती.

पंधरा दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. सर रागावले नाहीत. प्रबंधाला एक पान जोडलं, आणि त्या पानावरूनच पुढची चार वर्षं सुरू झाली. टाकीत आता माणसं मागे चालत होती. उत्तर लिहायला धुरपता कृष्णराव मास्तरांकडे गेली. मास्तरांनी पोस्टकार्ड घेतलं आणि सवयीने पहिली ओळ लिहायला सुरुवात केली, की आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत.

"ते खोडा, मास्तर," धुरपता म्हणाली. "या बार मी सांगन तसंच लिवा. शुद्ध नोको करू."

मास्तरांना पत्रात खाडाखोड केलेली खपत नसे. त्यांनी नवं कार्ड घेतलं.

"लिवा का घर खाली खाली वाटते. कुबडीनं काख दुखते. अंबाडीची भाजी केली का तुया बापाले घास जात नाई आन् मले बी नाई जात. मले तुयी रोज आठवण येते." ती थांबली, मास्तरांचा टाक पोचेपर्यंत. "आता खाली लिवा, का हे सारं खरं हाय. आन् तरी येऊ नोको. शिक."

मास्तरांनी जसं सांगितलं तसंच लिहिलं. कार्डावर जागा उरली होती, पण त्यांनी भर घातली नाही.